आरन रॅम्सी: कार्डिफचा पोरगा इथवर कसा आला

वेल्सचा फुटबॉलर रॅम्सी म्हटलं की लंडनच्या आर्सेनल क्लबवाल्या पब्लिकला आधी इंजुरी आठवते, नाहीतर मग ते "रॅम्सीने गोल मारला की कोणीतरी फेमस माणूस मरतो" वालं येडपट प्रकरण. पण या माणसाचं करिअर बघायचं असेल तर लीग टेबल बाजूला ठेवा आणि फायनल्स बघा, कारण प्रीमियर लीग त्याने कधीच जिंकली नाही, पण दोन एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) फायनलचे विनिंग गोल त्याच्या नावावर आहेत.

जन्म 26 डिसेंबर 1990, वेल्समधल्या केरफिली गावात. शाळा वेल्श मीडियमची, लहानपणी रग्बीपण खेळायचा, वेल्समध्ये ते चालतंच. कार्डिफ सिटीच्या अकॅडमीत लहान वयात आला आणि एप्रिल 2007 मध्ये सोळाव्या वर्षी फर्स्ट टीममध्ये उतरला, जॉन टोशॅकचा क्लबमधला सगळ्यात लहान प्लेयरचा रेकॉर्ड मोडून. पुढच्याच वर्षी कार्डिफ एफए कप फायनलला पोचली, पोर्ट्समथकडून 1-0 हरली, त्यात हा सतराव्या वर्षी सब म्हणून खेळला. मग मँचेस्टर युनायटेड, एव्हर्टन, आर्सेनल सगळे मागे लागले. आर्सेनलचा मॅनेजर वेंगर तेव्हा युरो 2008 (युरोपातल्या देशांची स्पर्धा) साठी स्वित्झर्लंडमध्ये होता, त्याने पोराला आईवडिलांसकट तिकडेच बोलावून घेतलं, झालं, पठ्ठ्या आर्सेनलचा.

27 फेब्रुवारी 2010, स्टोकविरुद्धची मॅच. त्यांच्या डिफेंडर शॉक्रॉसचा टॅकल आणि पायाची दोन्ही हाडं मोडली, वय 19. शॉक्रॉस रेड कार्ड घेऊन रडत बाहेर गेला आणि त्याच संध्याकाळी त्याला इंग्लंडच्या स्क्वॉडचा पहिला कॉल आला, म्हणजे बघा. रॅम्सी परत आला तो आधी नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि मग कार्डिफला लोनवर. मार्च 2011 मध्ये वेल्सचा मॅनेजर गॅरी स्पीडने त्याला थेट वेल्सचा कॅप्टन केलं, वीस वर्षांचा होता फक्त. त्याच नोव्हेंबरमध्ये स्पीड वारला आणि पुढे नवा मॅनेजर कोलमनने कॅप्टन्सी अ‍ॅशली विल्यम्सकडे दिली. माझ्या मते रॅम्सीसाठी ते बरंच झालं, त्याचा गेम मोकळा झाला.

2013-14 मध्ये तर तो वेगळाच प्लेयर होता, मिडफिल्डमधून उशिरा बॉक्समध्ये घुसायचं टायमिंग असं की मार्करला कळायच्या आत गोल. मे 2014 च्या एफए कप फायनलमध्ये हल सिटीने आठ मिनिटांत दोन गोल ठोकले होते, आर्सेनलने ते फेडले आणि एक्स्ट्रा टाइममध्ये स्ट्रायकर जिरूने टाचेने मागे सोडलेला बॉल रॅम्सीने न थांबवता पायाच्या बाहेरच्या बाजूने आत घातला. 3-2, नऊ वर्षांचा ट्रॉफीचा दुष्काळ संपला. 2017 च्या फायनलला चेल्सीने बरोबरी केल्या केल्या परत यानेच हेडर मारला, 2-1.

वेल्सचं म्हणाल तर 1958 नंतरची पहिली मोठी स्पर्धा म्हणजे युरो 2016. केस ब्लीच करून आलेला रॅम्सी, क्वार्टर फायनलला बेल्जियमला 3-1 ने हरवलं त्यात याचे दोन असिस्ट, पण हँडबॉलवर यलो कार्ड मिळालं आणि पोर्तुगालविरुद्धची सेमी बाहेर बसून बघावी लागली. वेल्सचा स्टार गॅरेथ बेल असूनही त्या दिवशी वेल्सला रॅम्सी नसणंच जास्त नडलं असं मला अजूनही वाटतं. नोव्हेंबर 2019 मध्ये हंगेरीविरुद्ध दोन गोल मारून त्यानेच पुढच्या युरोचं तिकीट काढून दिलं.

2019 ला फ्री ट्रान्सफरवर इटलीचा युव्हेंटस क्लब, पगाराचे आकडे ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले. एक लीग, एक कोपा इटालिया (इटलीचा कप) मिळाली, पण अर्धा वेळ फिजिओकडेच. मग स्कॉटलंडच्या रेंजर्सला लोन, तिथे 2022 च्या युरोपा लीग फायनलला शूटआउटमध्ये पेनल्टी हुकली, नंतर फ्रान्सचा नीस क्लब, कतार वर्ल्ड कप, आणि 2023 ला पुन्हा कार्डिफ. एप्रिल 2025 मध्ये क्लब बुडत असताना शेवटच्या तीन मॅचसाठी त्यालाच मॅनेजर केलं, एकही जिंकता आली नाही, कार्डिफ 22 वर्षांनी तिसऱ्या डिव्हिजनला गेली आणि त्या उन्हाळ्यात हा मेक्सिकोच्या पुमासकडून खेळायला निघून गेला.