धर्मगुरूविना दोन शतकं : नागासाकीच्या छुप्या ख्रिस्ती लोकांची पार्श्वभूमी

वसईत दरवर्षी फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया यांचा सण होतो. तेव्हा प्रवचनात नागासाकीची टेकडी येते, क्रूस येतात, श्रद्धेसाठी जीव देणारे २६ रक्तसाक्षी येतात. ५ फेब्रुवारी १५९७ ही तारीख धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनाही पाठ असते. गोष्ट बहुतेक वेळा तिथेच थांबते. पण वसईत जन्मलेला तो दुभाषा ज्या क्रूसावर गेला, तो जपानमधल्या छळाचा आरंभ होता. तिथली श्रद्धा टिकली कशी, हे समजून घ्यायचं तर टेकडीवरून खाली उतरून पुढच्या अडीचशे वर्षांतल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांत शिरावं लागतं.

आधीचं थोडक्यात. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबर गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला एक जपानी माणूस होता. पुढच्या पासष्ट वर्षांत तिथे ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३७-३८ मध्ये नागासाकीच्या आसपासच्या शिमाबारा आणि अमाकुसा भागांतल्या लोकांनी बंड केलं, त्यामागे धर्माइतकीच जबर करवसुली आणि उपासमार होती. बंड हारा किल्ल्यात चिरडलं गेलं आणि सत्तेचा संशय कायमचा पक्का झाला. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदरं बंद झाली. १६४४ मध्ये देशात उरलेल्या शेवटच्या धर्मगुरूलाही मारण्यात आलं. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अंत्यविधीला कुणी नाही.

उरलेल्यांना शोधून काढायची व्यवस्था कडेकोट होती. प्रत्येक घराचं नाव बौद्ध मंदिराच्या वहीत असायलाच हवं. पाच-पाच घरांचा गट, त्यात एक जण सापडला तर पाचही घरं जबाबदार. गावोगावी लाकडी फलक, त्यावर खबर देणाऱ्याला मिळणाऱ्या चांदीचा आकडा. शिवाय नागासाकी परिसरात दर नव्या वर्षी प्रत्येकाने ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवायचा. १६६९ मध्ये यासाठी पितळी पाट्या ओतून घेतल्या गेल्या. त्यातल्या काही आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इतकी पावलं पडून पडून त्यांवरचे चेहरे गुळगुळीत झाले आहेत.

छुप्या ख्रिस्ती लोकांनी पाय ठेवले. ठेवून घरी आले आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाले. या प्रार्थनेमागे १६०३ ची एक पुस्तिका होती. पापनिवेदनाला धर्मगुरू मिळाला नाही तर परिपूर्ण पश्चात्ताप कसा करायचा, हे तिच्यात सांगितलं होतं. पुस्तिकेच्या हस्तलिखित नकला होत राहिल्या आणि मजकूर तोंडपाठ होत राहिला. पाय ठेवणाऱ्यांना दुबळे म्हणणं आपल्याला सोपं आहे, कारण आपल्याला कुणी विचारत नाही. ज्यांनी नकार दिला ते रक्तसाक्षी झाले आणि पुढे संत म्हणून वेदीवर पुजले गेले, ते योग्यच आहे. पण बाळांना बाप्तिस्मा देण्यासाठी मागे कुणीतरी जिवंत राहायला हवं होतं, आणि ते राहिले ते पाय ठेवणारेच.

सगळा कारभार प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या माणसांच्या हाती होता. एक जण पंचांग सांभाळायचा : नाताळ कधी, उपवासकाळ कधी, कोणत्या दिवशी सुईला हात लावायचा नाही. दुसऱ्याकडे बाप्तिस्म्याचं काम. तिसरा निरोप्या, घराघरांत सणाचा दिवस कळवणारा. हे पंचांग बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाने दिलं असं परंपरा सांगते. सात पिढ्यांनी काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारा येईल, असंही त्याने सांगून ठेवलं होतं. घरात माणूस गेला की मंदिराचे भिक्षू येऊन मंत्र म्हणत, आणि त्याच वेळी वेगळ्या खोलीत कुणीतरी तो मंत्र निष्फळ करणारी प्रार्थना पुटपुटत असे. चिनी मातीची, बाळ घेतलेली पांढरी कान्नोन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी, मारिया म्हणून पुजली जायची.

१८०५ मध्ये अमाकुसात पाच हजारांहून जास्त माणसं सापडली. अधिकाऱ्यांनी त्यांना ख्रिस्ती ठरवलंच नाही, ‘वेगळ्या चालीरीतीचे’ म्हणून नोंदवलं, पश्चात्ताप करायला लावला आणि सोडून दिलं. एवढ्या शेतकऱ्यांना शिक्षा दिली असती तर जमीन कसायला कुणी उरलं नसतं.

१८६५ सालाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउराचं चर्च उभं राहिलं, ते त्याच २६ रक्तसाक्षींच्या नावाने, कारण तीनच वर्षांपूर्वी, १८६२ मध्ये, त्यांना संतपद मिळालं होतं. १७ मार्चला उराकामी गावातली दहा-पंधरा माणसं आत आली. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं की सांता मारियाची मूर्ती कुठे आहे. बातमी युरोपभर गेली. पण या भेटीनंतर जे ठरवायचं होतं, ते त्या आनंदापेक्षा अवघड होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

धर्मगुरूंनी गावागावांत जाऊन बाप्तिस्म्याचे शब्द म्हणून घेतले. दोन शतकं तोंडातोंडी आलेली लॅटिन आणि पोर्तुगीज. काही ठिकाणी शब्द शाबूत होते, काही ठिकाणी इतके झिजले होते की विधी वैध मानावा की नाही हा प्रश्न पडला. म्हणून अनेकांना सशर्त बाप्तिस्मा, म्हणजे ‘आधीचा वैध नसेल तर हा धरावा’ असा, पुन्हा दिला गेला. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी जीव धोक्यात घालून तेच पाणी दिलं होतं, त्याला हे ऐकणं काय वाटलं असेल? त्याबरोबर दुसरी अट आली : घरातला बौद्ध देव्हारा आणि पूर्वजांच्या पाट्या काढून टाका. श्रद्धा लपवण्यासाठी उभा केलेला तो देव्हारा एव्हाना पूर्वजांचंच घर होऊन बसला होता. आईबाप, आजोबा, सगळे तिथे.

उराकामीची माणसं जवळजवळ एकमुखाने चर्चकडे आली. गोतो बेटांवरची अनेक गावं आली. नागासाकीजवळच्या सोतोमे किनाऱ्यावर दुफळी पडली. इकित्सुकी बेटावरचे बहुतेक आलेच नाहीत. बंदी उठल्यानंतरही ते आपल्या पंचांगाने, आपल्या प्रार्थनांनी, आतल्या खोलीत टांगलेल्या चित्रांसमोर आपली उपासना करत राहिले. त्या चित्रांत मारिया आणि बाळ किमोनोत आहेत.

धर्मगुरूंची बाजू समजण्यासारखी आहे. संस्कारांना शिस्त लागते, आणि त्यांच्या काळात पूर्वजपूजेला सवलत देणं त्यांच्या हातात नव्हतंच. तरी न आलेल्यांना ‘वाट चुकलेले’ म्हणणाऱ्या लिखाणाशी मी सहमत नाही. ज्यांनी शिक्षेच्या भीतीने श्रद्धा सोडली नाही, त्यांनी मोकळीक मिळाल्यावरही ती दुसऱ्याच्या सांगण्याने बदलली नाही, इतकंच त्यातून दिसतं.

जे आले त्यांनी किंमतही मोजली. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी अंत्यविधीसाठी मंदिराचे भिक्षू बोलवायचं नाकारलं आणि धरपकड सुरू झाली. पुढच्याच वर्षी राजवट बदलली. नवं सरकार आधुनिक म्हणवत होतं, पण बंदीचे फलक त्यानेही नव्याने लावले. गावची तीन हजारांहून जास्त माणसं, बायका-पोरांसकट, पश्चिम जपानच्या वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार झाली. त्सुवानोत त्यांना गोठलेल्या तळ्यात उतरवलं, उभं राहता येणार नाही अशा पिंजऱ्यात बसवलं. सहाशेहून जास्त माणसं परत आली नाहीत. पाश्चात्त्य देशांचा दबाव वाढला तेव्हा, १८७३ मध्ये, फलक उतरले.

परतलेल्यांनी गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. वर्षानुवर्षं त्यांना प्रतिमा तुडवायला लावली जायची, ती हीच जागा. तिथे १८९५ ते १९१४ या काळात कॅथेड्रल बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब तिथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. धर्मग्रामातल्या सुमारे १२,००० माणसांपैकी ८,५०० च्या आसपास मेली. १९५९ मध्ये त्याच जागी पुन्हा चर्च उभं राहिलं.

युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत छुप्या ख्रिस्ती लोकांच्या ठिकाणांचं नाव येताना जुना पेच पुन्हा वर आला. जपानचा मूळ प्रस्ताव चर्चच्या इमारतींभोवती रचलेला होता. युनेस्कोला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने बंदीच्या काळावर भर द्यायला सांगितलं, म्हणून २०१६ मध्ये प्रस्ताव मागे घेऊन नव्याने मांडला गेला. २०१८ मध्ये १२ ठिकाणं यादीत गेली. त्यात नाकाएनोशिमा आहे : खडकाळ, निर्मनुष्य बेट, जिथे ख्रिस्ती लोकांना ठार मारलं गेलं आणि जिथल्या खडकातून पाझरणारं पाणी इकित्सुकीचे लोक बाप्तिस्म्यासाठी नेत आले आहेत. इकित्सुकी मात्र यादीत नाही. बंदीच्या काळातली उपासना जिथे आजच्या दिवसापर्यंत चालत आली, तेच बेट बाहेर राहिलं. माझ्या मते ही यादीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

ती भरून काढायला वेळ थोडा आहे. इकित्सुकीत उपासनेच्या मंडळांना वारसदार मिळेनासे झाले आहेत. तरुण कामासाठी शहरात जातात, आणि लांबलचक प्रार्थना पाठ करायला पूर्वीसारखी वर्षं देणं त्यांना जमत नाही. एकेक मंडळ बंद होतं आहे. काहींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तू बेटावरच्या संग्रहालयाकडे दिल्या आहेत, आणि प्रार्थनांचं ध्वनिमुद्रणही झालं आहे.