ईव्हच्या हातातलं ते सफरचंद

एक गोष्ट कायम फिरत असते, की बायबलमध्ये ईव्हने सफरचंद खाल्लं म्हणून माणसाला स्वर्गीय बागेतून हाकललं.

मलाही कितीतरी वर्षं हेच खरं वाटायचं, कारण चित्रात तेच दिसतं ना! पण मराठी बायबल उघडा, उत्पत्ती हे पहिलंच पुस्तक, अध्याय ३, ओवी ६. तिथे नुसतं 'फळ' आहे, कुठलं ते लिहिलेलंच नाही. पुढच्या ओवीत झाडाचं नाव येतं ते अंजिराचं, तेही पानांसाठी, दोघं ती शिवून अंगाला गुंडाळतात.

मग सफरचंद आलं कुठून? नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे लॅटिनमध्ये 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द लिहायला सारखेच, 'मालुम', त्यावरून कोटी झाली असावी. पण खरा प्रसार केला चित्रकारांनी. जर्मनीच्या क्रानाखने १६व्या शतकात सफरचंदाच्या झाडाखालची ईव्ह इतक्या वेळा रंगवली की बघणाऱ्याच्या डोक्यात तीच बसणार.

आणि गंमत म्हणजे सगळ्या चित्रकारांचं यावर एकमत नव्हतंच. मायकलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर (१५०८ ते १५१२) ईव्हला भुलवणारा साप गुंडाळलाय तो अंजिराच्या झाडाला, आणि बेल्जियममधल्या गेंटच्या १४३२ च्या वेदीचित्रात व्हॅन आयकच्या ईव्हच्या हातात खडबडीत सालीचं, लिंबाच्या जातीचं वाटणारं फळ आहे. दोन्हीचे मोठे फोटो नेटवर फुकट मिळतात, झूम करून हात आणि पानं बघा.

अजून एक, बायबलच्या त्याच सहाव्या ओवीत ईव्हचा नवरा आदाम तिच्यासोबतच होता असंही आहे, तरी दोष सगळा तिच्यावर!