सुट्या भागांच्या सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’

२०१८ मध्ये बातमी आली की भारतीय हवाई दल फ्रान्सकडून ३१ जुनी जग्वार लढाऊ विमानं घेतंय, उडवायला नाही, खोलून भाग काढायला, आणि लगेच नेहमीचे विनोद सुरू झाले, भंगारवाला आला, रद्दी पेपर वगैरे. फ्रान्स ती फुकट देत होता, नेण्याचा खर्च तेवढा आपला. ओमानकडून दोन एअरफ्रेम, म्हणजे विमानाचे सांगाडे, आणि आठ इंजिनं तीही फुकटात, आणि ब्रिटनकडून दोन एअरफ्रेम आणि ६१९ प्रकारचे रोटेबल साधारण पावणेतीन कोटी रुपयांना. रोटेबल म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, ॲक्च्युएटर असल्या वस्तू, ज्या बिघडल्या की काढायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत बसवायच्या, फेकायच्या नाहीत.

विनोद ठीक आहेत, पण मित्रदेशांनी एकमेकांचा उरलेला लष्करी माल घेणं हा प्रकार चांगला ऐंशी वर्षं जुना आहे आणि त्यात भारत पहिल्यापासून आहे.

मुळात माल उरतो का ते आधी बघू. लढाऊ विमान घेताना पुढच्या वीस-तीस वर्षांचा अंदाज बांधून स्पेअर घेतात, कारण कारखान्याची लाइन एकदा बंद पडली की साधं ब्रॅकेट करून घ्यायचं तरी त्याचं टूलिंग, म्हणजे साचे आणि हत्यारं, नव्याने उभं करावं लागतं आणि कुठलाही कारखानदार पाच नगांसाठी ते करत नाही. मग एक दिवस ते विमान निवृत्त होतं. गोदाम भरलेलं तसंच राहतं, आणि त्याच मालाची किंमत मालकासाठी एका रात्रीत शून्य, उलट भाडं, पहारा आणि नोंदी ठेवायचा खर्च डोक्यावर. पण जगात दुसरीकडे कुणी तेच विमान अजून उडवत असेल तर त्याला तो माल सोन्यासारखा. तोपर्यंत त्याने आपल्याच ताफ्यातलं एखादं विमान बाजूला लावून त्याचे भाग ओरबाडायला सुरुवात केलेली असते, अशा विमानाला हवाई दलवाले हँगर क्वीन म्हणतात, राणी हँगरमध्येच बसलेली असते, बाहेर काही निघत नाही.

आता आपल्याकडची पहिली गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वात भारी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची बी-२४ लिबरेटर बॉम्बर कानपूरला उभी होती. ती अमेरिकेने लेंड-लीजखाली दिलेली, म्हणजे युद्ध संपल्यावर एकतर परत द्या नाहीतर नष्ट करा. परत नेणं परवडत नव्हतं म्हणून ब्रिटिशांनी ती निकामी केली, उपकरणं फोडली, पत्रे फाडले, इंजिनात वाळू टाकली. १९४८ मध्ये आपल्याला बॉम्बर हवे होते आणि पैसे नव्हते. एचएएल या बंगळूरच्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्या स्मशानात जाऊन त्यातल्या त्यात बरी विमानं निवडली, एकाचं हे दुसऱ्याचं ते असं करत जेमतेम उडण्यापुरती जुळवली, आणि एचएएलचे टेस्ट पायलट जिमी मुन्शी ती एकेक करून बंगळूरला उडवत घेऊन गेले. चाळीसेक विमानं अशी उभी राहिली. त्यावर स्क्वाड्रन उभारल्या, त्यातली ६ नंबरची पुण्यात होती, समुद्रावर टेहळणी करायची. १९६८ पर्यंत ही विमानं चालली, जगात लिबरेटर वापरणारं शेवटचं हवाई दल आपलंच, आणि नंतर ब्रिटनच्या हवाई दलाच्या म्युझियमला दाखवायला लिबरेटर हवं होतं तेव्हा ते भारतानेच भेट दिलं. ज्यांनी मोडली त्यांनाच दुरुस्त करून परत.

पण त्या गोष्टीतला खरा मुद्दा वाळूचा आहे. ब्रिटिश लोक चांगली विमानं फोडत का बसले? कारण विमानं त्यांच्या ताब्यात होती तरी त्यांची नव्हती. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात दुसऱ्याचं नाव, तसा प्रकार. पुढच्या सगळ्या इतिहासात हाच रकाना परत परत आडवा येतो.

युरोपात नाटोने यावर व्यवस्था बसवली. १९५८ मध्ये सुटे भाग आणि देखभाल एकत्र बघायला एक एजन्सी काढली, पुढे ती लक्झेम्बर्गमध्ये कापेलेनला गेली आणि आज नावं बदलून तिथेच आहे. तिच्या जोडीला आकड्यांची पद्धत, प्रत्येक वस्तूला १३ अंकी स्टॉक नंबर, पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग, पुढचे दोन देशाचे, उरलेले सात त्या वस्तूचे. कंटाळवाणं वाटतं पण धंदा यावरच उभा आहे, नॉर्वेच्या गोदामातला बोल्ट आणि तुर्कस्तानला हवा असलेला बोल्ट एकच आहे हे कळायला आकडा तरी एक पाहिजे ना. एफ-१०४ स्टारफायटर या विमानाचं उदाहरण घ्या, अर्ध्या युरोपने आणि कॅनडाने ते घेतलं, एकट्या पश्चिम जर्मनीने ९१६ घेतली, आणि या देशांनी ती काढायला सुरुवात केली तशी ती ग्रीस आणि तुर्कस्तानकडे सरकत गेली, काही उडाली आणि काही फक्त खोलली गेली. श्रीमंत घरातले कपडे धाकट्या घरात येतात तसं.

अमेरिकेने हेच कायद्यात बसवलं. १९६१ च्या परदेशी मदत कायद्याखाली जास्तीचा माल मित्रांना फुकट किंवा स्वस्तात देता येतो, आणि १९७६ च्या शस्त्रनिर्यात कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तो तिसऱ्याला द्यायचा असेल तर अमेरिकेची लेखी परवानगी लागते. मालकी हक्क आला म्हणून मनाला येईल तसं वाटायचं नाही, नाहीतर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

तुळशीपत्र ठेवणारे निघतातच पण. १९६५ चं युद्ध पेटल्यावर अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांची शस्त्रं रोखली. पाकिस्तानचा मुख्य आधार अमेरिकन सेबर विमानांचा, त्यामुळे पंचाईत त्यांची जास्त. त्याच सुमाराला पश्चिम जर्मनी कॅनडात बनलेली आपली सेबर काढून टाकत होती. १९६६ मध्ये त्यातली ९० इराणला विकली असं कागदावर झालं आणि विमानं पोचली पाकिस्तानात. मध्यस्थ गेऱ्हार्ड मेर्टिन्स, युद्धात जर्मन छत्रीधारी अधिकारी असलेला माणूस, कंपनीचं नाव मेरेक्स. आता गंमत ऐका, याच माणसाने त्याच काळात जर्मन नौदलाची जुनी २८ सी हॉक विमानं भारतालाही दिली, कागदावर इटलीचं नाव लावून. एका हाताने यांना आणि दुसऱ्या हाताने त्यांना.

आणि हे नुसतं हिशेबात राहिलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करणारा ताफा सी हॉकचा होता आणि ढाक्याला पाकिस्तानची जी एकमेव लढाऊ स्क्वाड्रन होती तिच्याकडे जर्मनीहून आलेली तीच सेबर होती. म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या आभाळात दोन्ही बाजूंना जर्मनीने निवृत्त केलेल्या मालाचा हातभार. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या म्युझियममध्ये सी हॉक उभं आहे, गेलात तर त्याच्याकडे जरा या नजरेने बघा.

इराणची कथा तर सगळ्यांना थोडीफार माहीत असते. शहा या राजाच्या काळात ८० एफ-१४ लढाऊ विमानं मागवली, ७९ पोचली, १९७९ ला क्रांती झाली आणि स्पेअर बंद. इराकशी युद्ध सुरू झाल्यावर १९८० मध्येच इस्रायलने इराणला एफ-४ फँटमचे टायर विकले, हो, इस्रायलने, टायर! लढाऊ विमानाचा टायर मोजक्या लँडिंगमध्ये झिजतो, तो नसेल तर बाकी सगळं ठणठणीत असूनही विमान जमिनीवरच. २००६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन नौदलाने एफ-१४ निवृत्त केलं तेव्हा पेंटॅगॉनच्या लक्षात आलं की आता जगात याच्या स्पेअरला गिऱ्हाईक एकच उरलंय. जास्तीच्या मालाच्या विक्रीत पळवाटा किती आहेत हे अमेरिकन संसदेच्या तपासनिसांनी नाव बदलून स्वतः संवेदनशील भाग विकत घेऊन दाखवलं होतं. जानेवारी २००७ मध्ये एफ-१४ च्या भागांची विक्री थांबवली, मग कायद्यानेच बंदी आली, आणि म्युझियमसाठी ठेवलेली सोडून बरीचशी विमानं सरळ यंत्रात घालून चिरडली. कानपूरच्या वाळूचीच ही सुधारित आवृत्ती, फक्त यंत्राने केलेली आणि या वेळी कुणाला जोडता येऊ नये अशी.

आपल्याला या रकान्याचा चटका नीट बसला तो १९९८ ला. पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि नौदलाची सी किंग हेलिकॉप्टर अडचणीत आली. सी किंग तर आपण ब्रिटनकडून घेतलेली, मग अमेरिकेचा काय संबंध? संबंध असा की डिझाइन मुळात अमेरिकन आणि आत अमेरिकन भाग, म्हणून ब्रिटनमध्ये दुरुस्तीला गेलेला आपलाच माल तिथे अडकला. ज्यांच्याशी करार केला त्यांची ना नव्हती, अडवणारा वेगळाच. त्यानंतर आपल्याकडे कुठल्याही विमानाच्या चर्चेत ‘यात अमेरिकन किती आहे’ हा प्रश्न पहिला यायला लागला, तो अजून येतो आणि मला तरी तो रास्तच वाटतो. २००७ ला अमेरिकेचं निवृत्त ट्रेंटन जहाज आपण ४८ दशलक्ष डॉलरच्या आसपास घेतलं, तेच आजचं जलाश्व, सोबत सहा जुनी सी किंग, तेव्हा अटी आणि अमेरिकेला माल तपासू देणाऱ्या कलमांवरून कॅगने ताशेरे ओढले होते. २००९ मध्ये तर या वापर-तपासणीवरून संसदेत गदारोळ झाला.

सी हॅरियरचं वेगळंच झालं. ब्रिटनने २००६ मध्ये आपली सी हॅरियर काढली, विराटवर आपली तीच चाललेली, पण जुन्या प्रकारची. आठेक विमानं घ्यायचा विचार झाला पण नवं रडार आणि अमेरिकन क्षेपणास्त्रं काढून घेऊन नुसता सांगाडा मिळणार आणि वर डागडुजीचा खर्च, म्हणून ते बारगळलं. २०१६ ला गोव्यात दाबोळीला आपली सी हॅरियर निवृत्त झाली.

उलट २०११ चा हॅरियरचा सौदा बघा, मला विचाराल तर स्पेअरच्या व्यवहारात इतका फायद्याचा सौदा क्वचित झाला असेल, घेणाऱ्याच्या फायद्याचा. ब्रिटनने २०१० च्या डिसेंबरात खर्च कपातीत आपली सगळी हॅरियर काढली आणि पुढच्या नोव्हेंबरात ७२ विमानं, इंजिनं आणि स्पेअरसकट ११६ दशलक्ष पौंडांना अमेरिकन मरीनना विकली. बरीचशी ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन ठेवली आणि गरज पडेल तसे भाग काढत गेले. ब्रिटनमध्ये यावरून बराच संताप झाला, निवृत्त वैमानिकांनी पत्रं लिहिली, पण माल गेला तो गेला.

पोलंडची साखळी अजून मजेशीर आहे. पूर्व जर्मनीची मिग-२९ एकीकरणानंतर जर्मन हवाई दलाकडे आली. जर्मनीने २००२ च्या करारात त्यातली २२ पोलंडला प्रत्येकी एक युरो भावाने दिली. पोलंडने १४ उडवली, बाकीची स्पेअरसाठी. २०२३ मध्ये त्यातली पाच युक्रेनला द्यायची तर पोलंडला जर्मनीला विचारावं लागलं, एक युरोच्या मालासाठी! जर्मनीने त्याच दिवशी हो म्हटलं. पण वर्षभर आधी, रशियाचं आक्रमण सुरू व्हायच्या अगोदर, एस्टोनियाला नऊ जुन्या डी-३० तोफा द्यायच्या होत्या तेव्हा हाच जर्मनी ताटकळवत बसला होता. त्या तोफा पूर्व जर्मनीच्या, तिथून फिनलंडला आणि फिनलंडहून एस्टोनियाला गेलेल्या, तरी सही बर्लिनचीच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पेंटॅगॉनच्या प्रवक्त्याने आधी सांगितलं की युक्रेनला विमानं मिळालीत, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली, विमानं नाही, सुटे भाग. त्या भागांमुळे वीसएक बंद विमानं उडायला लागली होती. दोन वाक्यांत राजकीय फरक जमीन-अस्मानाचा, धावपट्टीवर मात्र फारसा नाही.

आता परत जग्वार. ब्रिटन, फ्रान्स, ओमान, इक्वेडोर, नायजेरिया आणि भारत, एवढ्यांनीच हे विमान वापरलं. फ्रान्सने २००५ ला काढलं, ब्रिटनने २००७ ला, ओमानने २०१४ ला, बाकीचे दोघे तर कधीच बाहेर पडलेले. फ्रेंच जग्वारचं ॲडूर इंजिन वेगळ्या मॉडेलचं, त्यामुळे त्या ३१ मधून आपल्याला मुख्यतः सांगाड्याचे, पंखांचे, अंडरकॅरेजचे म्हणजे चाकांच्या यंत्रणेचे भाग कामाचे. मिराजचंही तेच चाललंय, २०२१ मध्ये फ्रान्सकडून २४ निवृत्त मिराज-२००० साधारण २७ दशलक्ष युरोला घ्यायचं ठरल्याच्या बातम्या होत्या, त्यातली काही अख्खी आणि ११ अर्धवट, इजेक्शन सीट आणि टाक्या काढायला. मिराज उडवणारे देश अजून आहेत, म्हणजे तिथून पुढेही माल निघेल. जग्वारचं तसं नाही, रांगेत आपल्या पुढे कुणीच उरलं नाहीये, बाहेरच्या गोदामांतला साठा संपला की त्यानंतर खोलायला निघतील ती अंबाला, जामनगर आणि गोरखपूरची आपलीच.