बाभूळ आता ‘अकेशिया’ का नाही?

वनस्पतींच्या नव्या याद्यांत आपली बाभूळ ‘वाचेलिया निलोटिका’ या नावाने सापडते. कॉलेजात ‘अकेशिया निलोटिका’ पाठ केलेल्यांना ते खटकतं, आणि शास्त्रज्ञ उगाच नावं बदलत बसतात अशी तक्रार ऐकू येते. तक्रार समजण्यासारखी असली तरी हा बदल उगाच झालेला नाही. त्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली बाभळीला ‘मिमोसा’ या वंशात घातलं, म्हणजे लाजाळूच्या पंगतीत. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा, या पद्धतीची वनस्पतींसाठी अधिकृत सुरुवात त्याच वर्षीच्या त्याच्या ग्रंथापासून धरतात. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने ‘अकेशिया’ हा वंश वेगळा काढला. 1842 मध्ये जॉर्ज बेंथमने त्याची व्याख्या पक्की केली: फुलात पुष्कळ आणि सुटे पुंकेसर असतील तर अकेशिया. खूण सोपी असल्याने जगभरातली झाडं या वंशात येत गेली आणि जातींची संख्या साडेतेराशेच्या आसपास पोचली.

पण नुसते पुंकेसर न पाहता झाड नीट पाहिलं, तर फरक नजरेत भरतो. बाभळीच्या पानाच्या बुडाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी असते आणि फुलं पिवळ्या गोंड्यांत येतात. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वळलेले, आणि फुलांची लांबट कणसं. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तर आणखी वेगळी: तिचं ‘पान’ म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. ऑस्ट्रेलियाच्याच लेस्ली पेडली यांनी 1986 मध्ये या वंशाचे तीन भाग करावेत असं सुचवलं होतं. पुढे डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की हे गट एकमेकांचे सख्खे नाहीतच. एका वंशात एकाच पूर्वजाची संतती असावी, हा आजच्या वर्गीकरणाचा पाया आहे. त्यामुळे वंश फोडणं भागच होतं.

खरा वाद पुढे पेटला: ‘अकेशिया’ हे नाव कोणत्या तुकड्याकडे राहणार? नियम असा, की प्रत्येक वंशाची एक नमुना-जाती ठरलेली असते आणि ती ज्या गटात जाईल, त्याच्याकडे मूळ नाव जातं. इथे नमुना होती बाभूळच. म्हणजे नाव आफ्रिका-आशियातल्या गटाकडे राहिलं असतं आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेनऊशेच्या आसपास जातींना नवी नावं घ्यावी लागली असती. तेवढी उलथापालथ टाळावी म्हणून 2003 मध्ये ऑर्चर्ड आणि मॅस्लिन यांनी नमुनाच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी, असा प्रस्ताव मांडला. 2005 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत जवळपास 55 टक्के मतं या बदलाच्या विरोधात पडली. तरीही बदल टिकला, कारण वनस्पतींची नावं तपासणाऱ्या समितीने त्याची शिफारस केली होती आणि अशी शिफारस फेटाळायला 60 टक्के मतं लागतात. बहुमत विरोधात असूनही निर्णय लागू झाला, हे आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासकांना मान्य नव्हतं, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. सव्हानातली ती ओळखीची छत्रीसारखी झाडं त्यांच्यासाठी कायमच अकेशिया होती. 2011 च्या मेलबर्न परिषदेत मात्र निर्णयावर शिक्कामोर्तब झालं.

त्यामुळे बाभूळ आणि हिवर ‘वाचेलिया’त गेले, खैर ‘सेनेगालिया’त. परदेशातून आणलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी ‘अकेशिया’ राहिली.

दुसरा शब्द, ‘निलोटिका’, मात्र जागचा हलला नाही. वंश बदलला तरी जातीचं सर्वांत जुनं वैध नाव सोबत न्यायचं, हा नियम आहे. याच नियमामुळे थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातलं ‘अकेशिया अरेबिका’ हे नाव मागे पडलं, कारण ‘अरेबिका’ लिनिअसनंतरचं आहे. बाभळीवरची जुनी माहिती शोधायची असेल, तर ‘अरेबिका’, ‘निलोटिका’ आणि ‘वाचेलिया’ अशा तिन्ही नावांनी शोधावं. जंगलखात्याच्या जुन्या नोंदी आणि नवे संशोधनलेख एकाच झाडाबद्दल बोलत असतात, पण नुसत्या एका नावाने शोधलं तर त्यातले निम्मे हाती लागत नाहीत.