मुंबई महापालिकेचा ताळेबंद: जकातीपासून ठेवींपर्यंत

मुंबई महापालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. हा आकडा ऐकला की देशातली सर्वात श्रीमंत महापालिका वगैरे बोलायला सुरुवात होते. पण जमाखर्चाची तोंडमिळवणी नेमकी कशी झाली, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

1865च्या कायद्याने शहराचा कारभार जवळजवळ एकहाती आयुक्ताकडे दिला. आर्थर क्रॉफर्ड हे तेव्हाचे आयुक्त. त्यांनी शहर झाडून स्वच्छ करायला घेतलं, मंडई उभारली, रस्ते केले. कामं खरी होती, मात्र खर्च उत्पन्नाला मागे टाकून गेला आणि करदाते खवळले. 1871 साली तरुण वकील फिरोजशहा मेहतांनी निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या बाजूने मांडणी केली. पुढच्याच वर्षी नवा कायदा होऊन 64 सदस्यांची महापालिका ठरली, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. तिजोरीवर नजर ठेवायची ती प्रतिनिधींनी, ही घडी तिथे बसली. 1888च्या कायद्याने ती पक्की केली. आयुक्तांनी 5 फेब्रुवारीच्या आत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे, म्हणजे सदस्यांच्या आर्थिक समितीपुढे, मांडायचं, समितीने ते तपासून, फेरफार करून सभागृहाकडे पाठवायचं, अशी रीत त्यातूनच आली. महापालिकेला नोटा छापता येत नाहीत आणि सरकारच्या परवानगीशिवाय कर्जही काढता येत नाही. म्हणून अंदाजपत्रक शिलकी दाखवावंच लागतं.

अनेक दशकं ही शिल्लक जकातीने, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराने, सांभाळली. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या, पावत्या फाटायच्या आणि रोजच्या रोज रोकड जमा व्हायची. नाक्यांवर चिरीमिरी चालायची, माल तुंबायचा, व्यापाऱ्यांचा संताप रास्तच होता. तरीही हे पैसे महापालिकेचे स्वतःचे होते. 1 जुलै 2017ला जीएसटी आला, जकात संपली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने नुकसानभरपाईचा सुमारे 647 कोटींचा पहिला धनादेश पालिकेला दिला. ही भरपाई दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढवायचं कायद्यात ठरलं. 2025-26साठी ती सुमारे 14,400 कोटी धरली होती, म्हणजे महसुली उत्पन्नाचा जवळपास एकतृतीयांश. पैसे वेळेवर येतात हे खरंच. पण तो हप्ता आता मंत्रालयातून येतो. माझ्या मते 2017चा खरा बदल हाच, आणि त्यावर चर्चा फार कमी झाली.

हक्काचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते मालमत्ता कराचं, आणि तिथेही हात आखडला गेला. 2010पासून करआकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर, सुरू झाली, तिच्या काही नियमांवर खटले चालले, 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पालिकेच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण करमाफी मिळाली. चाळीतल्या, छोट्या खोलीतल्या कुटुंबांना ती मिळायलाच हवी होती. फक्त ती भरून काढणारा दुसरा स्रोत कुणी सांगितला नाही. बांधकामांच्या चटईक्षेत्रावरचं अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डर भरतात ती रक्कम, आधाराला आहे, पण ते घरबांधणीच्या तेजीमंदीवर हेलकावतं.

मधल्या काळात एकदा आकडे खाली आणण्याचं धाडसही झालं. 2016-17चं अंदाजपत्रक 37 हजार कोटींचं होतं. त्यातली बरीच तरतूद खर्चच होत नाही, म्हणून आयुक्त अजोय मेहतांनी 2017-18चं अंदाजपत्रक थेट 25,141 कोटींवर आणलं. फुगवटा काढलेलं ते अंदाजपत्रक मला आजही महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर सागरी किनारा रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि रस्त्यांचं काँक्रिटीकरण एकापाठोपाठ आलं. 2025-26मध्ये 43 हजार कोटींहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी होती, त्यासाठी स्वतःच्याच निधीतून 16 हजार कोटींवर अंतर्गत कर्ज घ्यायचं ठरलं. पालिकेच्या बँकांतल्या ठेवी 2022च्या सुमारास 90 हजार कोटींच्या वर होत्या. 2025च्या सुरुवातीला त्या 81 हजार कोटींच्या आसपास आल्या. त्यांतला मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची व निवृत्तिवेतनाची रक्कम आणि ठेकेदारांच्या अनामतींत अडकलेला आहे. तो हवा तसा मोडता येत नाही.

आणि नेमक्या याच वर्षांत विचारणारं कुणी नव्हतं. मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारी आणि मंजूर करणारी यंत्रणा एकच, स्थायी समिती नाही, सभागृह नाही. 1872मध्ये झगडून मिळवलेली तपासणी जवळपास चार वर्षं बंद राहिली. एप्रिल 2025मध्ये घनकचऱ्यासाठी घरटी दरमहा 100 रुपयांपासून शुल्क आकारण्याचा मसुदा आला, तोही नागरिकांच्या हरकतींसाठी थेट प्रशासनाकडूनच.

जानेवारी 2026मध्ये निवडणूक झाली. आता नगरसेवकांनी पहिल्या काही महिन्यांतच दोन आकडे मागून घ्यावेत: हाती घेतलेल्या कामांची एकूण देणी किती आणि बंधनमुक्त ठेव नेमकी किती.