नववाद्यनिर्मिती (ठाणे परिसर)

ध्वनिशास्त्राच्या आधारे पूर्वी नसलेले वाद्य कल्पून ते स्वतः घडवणे, म्हणजे नववाद्यनिर्मिती. सतारीला जास्तीच्या चार खुंट्या लावल्या किंवा तबल्यावर दिवे बसवले, तर ते नवे वाद्य होत नाही. आवाज उत्पन्न होण्याची, त्याला गुंज मिळण्याची किंवा स्वर बदलण्याची व्यवस्था वेगळी असावी लागते. या कसोटीवर संवादिनीवादक डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची (सूक्ष्म स्वरांची) संवादिनी, म्हणजे हार्मोनियम, उतरते. तिच्यात सा आणि प अचल आहेत आणि उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती मिळतात.

जुन्या ठाणे जिल्ह्याला अशा कारागिरीची ओळख आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत वारल्यांचा तारपा याच जिल्ह्यातला होता. हवा कोंडणारा भोपळा, जिभाळी (हवेने थरथरणारी पाती) बसवलेल्या दोन नळ्या, ताडपानाचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर ते वाद्य उभे राहते. ते घडवणाऱ्याने समीकरण मांडलेले नसते. कोणत्या बदलाने आवाज कसा फिरतो, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते.

शहरातल्या हौशी माणसाचा माल वेगळा. येऊरच्या डोंगरात बांबू दिसतो, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोयता न्यायचा नाही. त्याऐवजी वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळे-महापे पट्ट्यात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतींत, धातूची पट्टी कापून, भोक पाडून घेता येते. नळ्यांसाठी सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप उत्तम. तोंडावर रबरी चपलेने थाप मारली की तो भरदार घुमतो. शेजारी काय म्हणतील, हा भाग ध्वनिशास्त्रात येत नाही.

पहिला धडा हाच पाईप देतो. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीत मूळ स्वराची अर्धी तरंगलांबी मावते. ३० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. त्यामुळे पांढरी एकच्या (संवादिनीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) खालच्या सा साठी (सुमारे १३१ हर्ट्‌झ) १३३ सेंटिमीटर लांबी निघते. तेवढी नळी कापली तर सा उतरलेला लागतो, कारण आतला हवेचा स्तंभ तोंडापाशी न थांबता थोडा बाहेरही डोलतो. दर तोंडामागे त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट लांबी वजा करावी लागते. आतून १० सेंटिमीटर व्यासाच्या पाईपला दोन्ही बाजूंचे मिळून ६ सेंटिमीटर जातात आणि १२७ उरतात. आता पंचमासाठी याच १२७ चे दोन तृतीयांश घेतले की पुन्हा फसगत होते. गुणोत्तर लावायचे ते १३३ ला आणि वजाबाकी नंतर करायची. ही उलटापालट केल्यास नळी दोन सेंटिमीटर लांब राहते आणि प एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरतो. न शिकलेल्या कानालाही ते खुपते.

धातूच्या पट्टीचा हिशेब निराळा. तिची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून पट्टी निम्मी केली की आवाज दोन सप्तके चढतो. आधार दोन्ही टोकांपासून २२ टक्क्यांवर द्यावा, कारण मूळ कंपनात पट्टी तिथे हलत नाही. पट्टीतून सोबत निघणारा दुसरा स्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत न येता २.७६ पट असतो, म्हणून तिचा आवाज घंटेसारखा किणकिणतो.

ताणलेल्या चामड्यातही स्वर असेच विस्कटलेले असतात. साध्या गोल पडद्याचा दुसरा स्वर १.५९ पट येतो. तबला-मृदंगावरची शाई ते जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात आणते. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर दाखवले. नवे चर्मवाद्य करू पाहणाऱ्याने हे काम आधी समजून घ्यावे. नाहीतर डबा बडवल्याचा आवाज येतो.

हवामानाचा त्रास वेगळाच. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात चामडे सैलावते आणि खुल्या नळीचा स्वर तापमानाबरोबर हलतो. मेमध्ये ३२ अंशांत जुळवलेला नळ्यांचा संच २२ अंशांच्या वातानुकूलित सभागृहात नेला, तर आवाज सुमारे २९ सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो. त्यासाठी नळीच्या एका टोकाला सरकता कपलर (पाईप जोडायची बाही) ठेवतात. सा च्या नळीवर तो दोन-सव्वादोन सेंटिमीटर आत ढकलावा लागतो, आखूड नळ्यांवर त्याच प्रमाणात कमी.