डॉलरची खूण आली कुठून?

शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी लिहिलेली फाइल) शिकताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडखळतात: व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, किंमत देताना डॉलर नाही, ती वापरताना मात्र हवाच. नियम लहरी वाटतो, पण त्याचं मूळ शेलच्या स्वभावात आहे. शेल आधी कमांड चालवणारा प्रोग्राम होता, भाषा नंतर झाला. ओळीतला पहिला शब्द कमांड, पुढचे शब्द जसेच्या तसे मजकूर. फाइलच्या प्रत्येक नावाला अवतरणचिन्हं घालत कोण बसणार! मग 'हा शब्द नको, त्यात ठेवलेलं दे' हे सांगायला खूण लागणारच. युनिक्स या संगणक-प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांच्या शेलमध्ये डॉलरपुढे आकडा लिहून स्क्रिप्टला दिलेला पहिला, दुसरा शब्द उचलता येई. १९७९ च्या युनिक्समधल्या स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये तीच खूण पूर्ण नावांनाही लागली. किंमत देताना बरोबरच्या चिन्हाआधी (=) जागा सोडली की शेल व्हेरिएबलच्या नावाची कमांड शोधू लागतो, तेही याच स्वभावामुळे.

खूण नको असेल तर भाषेचे स्वतःचे शब्द (कीवर्ड) राखून ठेवावे लागतात, म्हणजे व्हेरिएबलला ती नावं देता येत नाहीत. पीएल/वन या जुन्या भाषेने तेही नाकारलं. तिथे 'इफ' आणि 'देन' या कीवर्डच्याच नावाची व्हेरिएबल चालत, वाचणाऱ्याचे हाल होवोत. घरगुती संगणकांवरच्या मायक्रोसॉफ्ट बेसिकची तऱ्हा उलटी. ती शब्दाच्या पोटातही कीवर्ड शोधे, म्हणून 'टोटल' हे नाव चालत नसे (आत 'टू' दडलेला) आणि 'स्कोअर'ही नाही, कारण त्यात 'ऑर'.

१९८७ साली आलेल्या पर्ल या भाषेने व्हेरिएबलच्या नावापुढे डॉलर उचलला, पुढे पीएचपी या भाषेनेही. त्यामुळे भाषेत नवा कीवर्ड आला तरी जुन्या व्हेरिएबलना धक्का लागत नाही. पायथन या भाषेने खुणा टाळल्या आणि २०१८ मध्ये किंमत मोजली: ३.७ आवृत्तीत 'असिंक' राखीव झाला, तेच नाव वापरणाऱ्या लायब्ररी मोडल्या. २०२१ मध्ये 'मॅच' आणताना तो फक्त ठरावीक जागीच कीवर्ड मानला गेला. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

डॉलरने शेलमधला गोंधळ मात्र अर्धाच मिटवला: आपली नावं यंत्रणेच्या व्हेरिएबलशी अजूनही टक्कर घेऊ शकतात. कमांड कुठे शोधायच्या याची यादीही 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्येच असते. यंत्रणेची नावं मोठ्या लिपीत, आपली छोट्या लिपीत हा पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या मानकाचा संकेत इथे उपयोगी पडतो. पण झेडशेल या दुसऱ्या एका शेलमध्ये छोट्या लिपीतला 'पाथ'ही त्याच यादीला बांधलेला आहे. फायलींवर फिरणाऱ्या लूपच्या व्हेरिएबलला ते साधंसं नाव दिलं, की ती यादी पुसली जाते आणि पुढच्याच ओळीत 'एलएस' ही फायली दाखवणारी कमांड सापडत नाही.